दोन विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणकाळ : मुंबई–लंडन हवाई मार्गाच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा :
दोन शहरांच्या विमानतळांमधील अंतर आणि त्या अंतरासाठी लागणारा काळ हे दोन निश्चित आकडे आहेत, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. प्रस्तुत लेखात मुंबई–लंडन हा मार्ग उदाहरण म्हणून घेऊन या समजुतीची तपासणी केली आहे. गोलावरील भूमिती, नकाशाचे प्रक्षेपण, वातावरणातील वारे, प्रमाणवेळ आणि हवाई हद्दींचा आंतरराष्ट्रीय कायदा या पाच घटकांमुळे हे आकडे कसे घडतात, याचे स्पष्टीकरण येथे दिले आहे. अंतर हे भूमितीने ठरते. परंतु विमान प्रत्यक्षात किती अंतर कापते हे निसर्ग आणि राज्यसंस्था ठरवितात, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : बृहद्वृत्त, मर्केटर प्रक्षेपण, जेट प्रवाह, प्रमाणवेळ, हवाई हद्द.

१. प्रस्तावना

उच्च शिक्षण, नोकरी अथवा संशोधन यांसाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या गेल्या काही दशकांत वाढली आहे. त्यामुळे विमानप्रवासाविषयीचे प्रश्न आता वर्गातही विचारले जातात. मुंबईहून लंडन किती दूर आहे? जाताना अधिक वेळ आणि येताना कमी वेळ का लागतो? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर का पोहोचत नाही? हे प्रश्न साधे वाटतात. परंतु त्यांची उत्तरे भूगोल, गणित, भौतिकशास्त्र, इतिहास आणि राज्यशास्त्र या विषयांत विखुरलेली असल्यामुळे कोणत्याही एका विषयाच्या पाठ्यपुस्तकात ती एकत्र सापडत नाहीत.

या प्रश्नांना केवळ कुतूहलाचे मूल्य आहे असे नव्हे. २०२२ नंतरच्या घडामोडींनी आशिया आणि युरोप यांमधील हवाई मार्ग अनेकदा बदलले. शहरे जागच्या जागी राहिली, विमानेही तीच राहिली, तरी प्रवासाचे तास, इंधन आणि खर्च वाढला. हे का घडले याचे समाधानकारक उत्तर देण्यासाठी ‘अंतर’ या संज्ञेचाच नीट विचार करावा लागतो. तो करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

२. अंतर : कोठून कोठपर्यंत?

दोन शहरांमधील अंतर सांगताना प्रथम दोन बिंदू निश्चित करावे लागतात. रस्त्यांच्या बाबतीत शहरातील एखादे ठरावीक ठिकाण मूळ बिंदू मानले जाते. हवाई अंतरात मात्र शहराचा मध्य नव्हे, तर विमानतळाचा अधिकृत संदर्भबिंदू विचारात घेतला जातो. हा बिंदू साधारणतः धावपट्ट्यांच्या मध्याजवळ असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केलेले असतात.

एका शहराला एकाहून अधिक विमानतळ असतील तर ‘शहरांमधील अंतर’ हा शब्दप्रयोग अपुरा ठरतो. लंडनच्या परिसरात हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्यूटन आणि सिटी असे अनेक विमानतळ आहेत. मुंबई महानगर प्रदेशातही नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. प्रस्तुत लेखात मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ हे दोन बिंदू गृहीत धरले आहेत. पहिल्याचे स्थान सुमारे १९ अंश ५ मिनिटे उत्तर अक्षांश व ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांश, तर दुसऱ्याचे सुमारे ५१ अंश २८ मिनिटे उत्तर अक्षांश व ० अंश २८ मिनिटे पश्चिम रेखांश असे आहे. दोहोंच्या रेखांशांतील फरक ७३ अंश २० मिनिटे इतका होतो.

३. गोलावरील सर्वांत लहान मार्ग

सपाट पृष्ठभागावर दोन बिंदूंमधील सर्वांत लहान मार्ग म्हणजे सरळ रेषा होय. गोलाच्या पृष्ठभागावर सरळ रेषा काढता येत नाही. तेथे सर्वांत लहान मार्ग बृहद्वृत्ताच्या कंसावरून जातो. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोल छेदला असता पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते, त्यास बृहद्वृत्त असे म्हणतात. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे. परंतु इतर अक्षवृत्ते बृहद्वृत्ते नाहीत, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

दोन स्थानांमधील कंस पृथ्वीच्या केंद्राशी किती अंशांचा कोन करतो, हे गोलीय त्रिकोणमितीच्या कोसाइन नियमाने काढता येते. दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करावा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवावा. येणारी बेरीज म्हणजे इष्ट कोनाचा कोसाइन होय. मुंबई–लंडनसाठी पहिला गुणाकार ०.२५६ आणि दुसरा ०.१६९ येतो. त्यांची बेरीज ०.४२५ होते आणि त्यावरून केंद्रकोन सुमारे ६४.८७ अंश मिळतो. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ कि.मी. धरल्यास एका अंशाचा कंस सुमारे १११.२ कि.मी. भरतो. म्हणजे मुंबई–लंडन अंतर सुमारे ७,२१० कि.मी. होते.

वैमानिक आणि नाविक अंतर सागरी मैलांत मोजतात, त्यामागेही हीच भूमिती आहे. बृहद्वृत्तावरील एका मिनिटाचा कंस म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर होय. त्यामुळे ६४.८७ ला ६० ने गुणले की सुमारे ३,८९२ सागरी मैल हे उत्तर थेट मिळते.

या गणितात दोन लहान दुरुस्त्या संभवतात. पृथ्वी परिपूर्ण गोल नाही. तिची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६,३७८ कि.मी. आणि ध्रुवीय त्रिज्या सुमारे ६,३५७ कि.मी. आहे. त्यामुळे गोल गृहीत धरून काढलेल्या अंतरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. दुसरे असे की, विमान जमिनीवरून नव्हे तर सुमारे ११ कि.मी. उंचीवरून जाते. त्या उंचीवर कंसाची त्रिज्या वाढते. परंतु ही वाढ संपूर्ण प्रवासात अवघी १२ कि.मी.च्या आसपास भरते. उंचीवरून गेल्यामुळे अंतर पुष्कळ वाढत असावे, हा समज त्यामुळे निराधार ठरतो.

४. सपाट नकाशाने होणारी दिशाभूल

वर्गातील भिंतीवर बहुधा जगाचा सपाट नकाशा टांगलेला असतो. मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशावर मुंबई व लंडन यांना पट्टीने जोडले तर मिळणारी रेषा उत्तरेपासून सुमारे ६१ अंश पश्चिमेकडे झुकलेली दिसते. ही स्थिर दिशेची रेषा होय. होकायंत्राची दिशा न बदलता जाण्याची सोय व्हावी म्हणून खलाशांसाठी हे प्रक्षेपण उपयुक्त ठरले. परंतु ती रेषा सर्वांत लहान मार्ग दाखवीत नाही. या रेषेने गेल्यास मुंबई–लंडन अंतर सुमारे ७,४१० कि.मी. होते, म्हणजे सुमारे २०० कि.मी. अधिक.

बृहद्वृत्तावरून जाणारा मार्ग मुंबई सोडताना उत्तरेपासून केवळ ४१ अंश पश्चिमेकडे, म्हणजे नकाशावरून वाटते त्यापेक्षा बराच उत्तरेकडे निघतो. पुढे त्याची दिशा सतत बदलत जाते आणि लंडनला पोहोचताना तो जवळजवळ थेट पश्चिमेकडे जात असतो. हीच गोष्ट उलट दिशेने पाहिली तर अधिक आश्चर्यकारक वाटते. मुंबई लंडनच्या आग्नेयेस आहे असे आपण नकाशावरून म्हणतो. परंतु लंडनमध्ये उभे राहून मुंबईकडे जाणाऱ्या सर्वांत लहान मार्गाकडे तोंड करावयाचे असल्यास ते बरोबर पूर्वेकडे करावे लागेल.

हा कंस कोणत्या प्रदेशांवरून जातो हे पाहणे पुढील विवेचनासाठी आवश्यक आहे. मुंबईहून निघालेला कंस सौराष्ट्रावरून व कराचीच्या अगदी जवळून बलुचिस्तानात शिरतो. तेथून अफगाणिस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्याजवळून तो पूर्व इराणमध्ये जातो. नंतर कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, अझरबैजान, जॉर्जिया व काळा समुद्र ओलांडून तो क्रिमियाच्या उत्तर भागावरून दक्षिण युक्रेन व मोल्दोव्हा या प्रदेशांवर येतो. पुढे पोलंड-स्लोव्हाकिया सीमा, चेक प्रजासत्ताक, जर्मनी आणि बेल्जियम असा त्याचा क्रम आहे. वर्तमानपत्रांतील आंतरराष्ट्रीय बातम्यांचा वाचक या यादीतील कितीतरी नावांपाशी थबकेल.

५. अंतरापासून काळाकडे : वाऱ्याचा वाटा

लांब पल्ल्याच्या आधुनिक जेट विमानाचा भोवतालच्या हवेच्या सापेक्ष वेग ताशी सुमारे ९०० कि.मी. असतो. ७,२०० कि.मी. अंतरास या वेगाने भागले तर ८ तास येतात. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला जाण्यास साधारणतः साडेनऊ ते साडेदहा तास आणि परतीस साडेआठ ते साडेनऊ तास लागतात. हा फरक दोन पायऱ्यांनी समजून घ्यावा लागतो.

पहिली पायरी वाऱ्याची आहे. विमान हवेतून जाते आणि हवा स्वतः स्थिर नसते. मध्य अक्षवृत्तांच्या प्रदेशात साधारण ९ ते १२ कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान जेट प्रवाह असतात. उष्ण कटिबंध व ध्रुवीय प्रदेश यांच्या तापमानांतील तफावत आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्यांना मिळणारे वळण या दोन कारणांनी ते निर्माण होतात. त्यांचा वेग ताशी १०० ते २०० कि.मी. असणे ही सामान्य गोष्ट आहे. हिवाळ्यात उपोष्ण जेट प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेस सरकून इराण, पाकिस्तान आणि उत्तर भारत यांवरून वाहतो. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाला त्या काळात समोरून वारा लागतो, तर परतणाऱ्या विमानाला तोच वारा पाठीमागून साह्य करतो.

पावसाळ्यात हे चित्र अंशतः बदलते. पश्चिमी जेट प्रवाह तिबेटच्या पठाराच्या उत्तरेस सरकतो आणि द्वीपकल्पीय भारतावर पूर्वेकडून वाहणारा उष्ण कटिबंधीय जेट प्रवाह प्रस्थापित होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये या पूर्व जेट प्रवाहाचे विवेचन केले. त्याचा सर्वाधिक जोर प्रवासी विमानांच्या नेहमीच्या उंचीपेक्षा वर असतो. तरीही मुंबईच्या बाजूच्या टप्प्यात पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला जुलै-ऑगस्टमध्ये वाऱ्याची थोडी मदत मिळते.

वाऱ्याच्या गणितात एक गंमत दडलेली आहे. समजा, संपूर्ण मार्गावर पश्चिमेकडून सरासरी ताशी ६० कि.मी. वारा आहे. जाताना जमिनीच्या सापेक्ष वेग ८४० होईल आणि ७,२०० कि.मी. अंतरास ८ तास ३४ मिनिटे लागतील. येताना वेग ९६० होईल आणि ७ तास ३० मिनिटे लागतील. दोन्ही मिळून १६ तास ४ मिनिटे होतात. वारा नसता तर १६ तास लागले असते. म्हणजे जाताना जे गमावले ते येताना पूर्णपणे परत मिळत नाही. कारण उघड आहे : विरोधी वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, अनुकूल वाऱ्यात कमी काळ. वेगांची सरासरी काढताना अंकगणितीय मध्याऐवजी हरात्मक मध्य का घ्यावा लागतो, हे शिकविण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

पृथ्वीच्या परिवलनाविषयीचा गैरसमजही येथेच दूर करावयास हवा. मुंबईच्या अक्षांशावर भूपृष्ठ ताशी सुमारे १,५८० कि.मी. वेगाने पूर्वेकडे जात असते. विमान आकाशात गेले की खालची पृथ्वी पुढे सरकेल आणि पश्चिमेकडील ठिकाण आपोआप जवळ येईल, असे विद्यार्थ्यांना वाटते. परंतु वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमानाला उड्डाणापूर्वीच तो वेग मिळालेला असतो. तसे नसते तर मुंबईवर तासभर स्थिर राहिलेल्या हेलिकॉप्टरच्या खाली अरबी समुद्र आला असता. परिवलनाचा उड्डाणकाळावर परिणाम होतो तो प्रत्यक्षपणे नव्हे, तर वाऱ्यांच्या द्वारे.

दुसरी पायरी विमानतळांची आहे. वेळापत्रकात छापलेला काळ हा केवळ हवेतील काळ नसतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून गंतव्य विमानतळावरील जागी थांबेपर्यंतचा तो संपूर्ण काळ असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, कमी वेगाने वर चढणे व खाली उतरणे हे सर्व त्यात येते. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोहोंचा एकाच वेळी स्वतंत्रपणे वापर करता येत नाही. हीथ्रोच्या दोन धावपट्ट्याही दिवसभर भरलेल्या असतात आणि उतरण्यापूर्वी विमानांना ठरावीक ठिकाणी आकाशात घिरट्या घालाव्या लागणे ही तेथील नित्याची बाब आहे. अनुभवावर आधारित असा हा जादा वेळ विमान कंपन्या वेळापत्रकात आधीच मिळवून ठेवतात.

६. घड्याळातील काळ आणि प्रवासातील काळ

तिकिटावर निघण्याची व पोहोचण्याची वेळ स्थानिक प्रमाणवेळेनुसार दिलेली असते. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि ती ग्रीनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केली जातात; त्या काळात हा फरक साडेचार तासांचा होतो.

समजा, हिवाळ्यात एक विमान मुंबईहून दुपारी १ वाजता निघाले व त्यास दहा तास लागले. ते लंडनला तेथील सायंकाळी साडेपाच वाजता पोहोचेल. घड्याळाच्या दृष्टीने केवळ साडेचार तास गेले. परतीचे विमान लंडनहून रात्री ८ वाजता निघाले व त्यास नऊ तास लागले, तर ते मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता पोहोचेल. घड्याळाच्या दृष्टीने साडेचौदा तास झाले. यातील एकच आकडा पाहणाऱ्याची फसगत होते. परंतु दोन्ही आकड्यांची बेरीज केली तर १९ तास येतात आणि दहा व नऊ यांची बेरीजही १९ च आहे. प्रमाणवेळेचा फरक एकदा वजा व एकदा अधिक होत असल्याने बेरजेत तो नाहीसा होतो.

७. आकाशाची मालकी

येथवरच्या विवेचनात विमान सर्वांत लहान मार्गाने जाऊ शकते असे गृहीत धरले होते. वास्तवात हे गृहीतक फार क्वचित पूर्ण होते. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील हवाई हद्दीवर पूर्ण व अनन्य सार्वभौमत्व मान्य केले आहे. समुद्राप्रमाणे आकाश सर्वांना खुले नाही. दुसऱ्या राष्ट्राच्या हद्दीतून जाण्यासाठी अनुमती लागते, बहुधा शुल्कही भरावे लागते, आणि ती अनुमती काढूनही घेतली जाऊ शकते.

या मार्गाचा इतिहासही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. इम्पीरियल एअरवेजने १९२९ मध्ये लंडन–कराची सेवा सुरू केली. तेथे आलेले टपाल पुढे नेण्यासाठी जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीपर्यंत विमान चालविले. कराची हे मुंबई–लंडन बृहद्वृत्ताजवळचे स्थान असल्याचे वर पाहिलेच आहे. स्वातंत्र्यानंतर, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या कॉन्स्टेलेशन विमानाने मुंबईहून लंडनसाठी पहिले उड्डाण केले ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत. या टप्प्यांची बेरीज सुमारे ७,९२० कि.मी. होते, म्हणजे थेट अंतराहून सुमारे ७०० कि.मी. अधिक. हा फेरा मुख्यतः थांबे घेण्याच्या गरजेतून आला होता. १९६० मध्ये या मार्गावर बोइंग ७०७ जेट विमाने आली. पुढे विमानांचा पल्ला वाढत गेला, थांबे गळाले आणि मार्ग हळूहळू बृहद्वृत्ताच्या जवळ सरकला.

नंतरच्या काळात फेरा परत आला. परंतु या वेळी त्याचे कारण यंत्राची मर्यादा हे नव्हते. १७ जुलै २०१४ रोजी ॲम्स्टरडॅमहून क्वालालंपूरला जाणारे मलेशिया एअरलाइन्सचे विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातील २९८ जण मृत्युमुखी पडले. संघर्षाच्या प्रदेशावरून उंच उडणे पुरेसे सुरक्षित नसते, हा धडा त्या घटनेने दिला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि त्या दिवसापासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांसाठी बंद झाले. पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बंद केलेली हवाई हद्द १६ जुलै २०१९ रोजी पुन्हा खुली केली. पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने ती भारतीय विमान कंपन्यांसाठी बंद केली आणि त्यानंतर या बंदीची मुदत वारंवार वाढविली. भारतानेही पाकिस्तानी विमानांना आपली हद्द बंद केली. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षाच्या काळात इराणचे आकाशही काही दिवस बंद राहिले.

पाकिस्तान, इराण आणि युक्रेन हे तिन्ही प्रदेश मुंबई–लंडन बृहद्वृत्तावर आहेत. भूमितीने आखलेली सर्वांत लहान रेषा अशा रीतीने तीन ठिकाणी तुटली.

८. मुंबई आणि दिल्ली : एक तुलना

या स्थितीचा परिणाम सर्व शहरांवर सारखा होत नाही. तुलनेसाठी वरील सूत्रानेच काढलेली पुढील अंतरे पाहावीत. ती जोडबिंदूंमधील बृहद्वृत्तीय अंतरांची बेरीज असून विमानाचा प्रत्यक्ष मार्ग याहून थोडा अधिक भरतो.

तक्ता क्र. १ : लंडन (हीथ्रो) पर्यंतचे अंतर
मुंबईहून थेट : ७,२१० कि.मी.
मुंबईहून मस्कतवरून : ७,४२० कि.मी.
मुंबईहून कैरोवरून : ७,८७० कि.मी.
दिल्लीहून थेट : ६,७३० कि.मी.
दिल्लीहून अहमदाबाद व मस्कतवरून : ८,०६० कि.मी.

नकाशावर दिल्ली लंडनला मुंबईपेक्षा सुमारे ४८० कि.मी. जवळ आहे. परंतु दिल्लीहून निघालेल्या भारतीय विमानास पाकिस्तानची हद्द टाळावयाची झाल्यास प्रथम दक्षिणेकडे गुजरातपर्यंत यावे लागते, मग अरबी समुद्रावरून ओमानकडे वळावे लागते. अंतर सुमारे १,३३० कि.मी.ने वाढते. मुंबईचे विमान मात्र थेट समुद्रावर निघते आणि त्याचा फेरा केवळ २१० कि.मी.चा होतो. परिणामी भारतीय विमानासाठी दिल्लीपेक्षा मुंबईच लंडनला सहाशेहून अधिक कि.मी. जवळची ठरते. एकही शहर जागचे हललेले नसताना दूर-जवळचा क्रम उलटा झाला.

यातून आणखी एक निष्कर्ष निघतो. पाकिस्तानची बंदी भारतीय कंपन्यांपुरती होती. इतर देशांच्या कंपन्यांना ती लागू नव्हती. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये, त्याच दिवशी उडणाऱ्या दोन विमानांचे अंतर केवळ त्यांच्या मालकीच्या राष्ट्रीयत्वामुळे वेगळे असू शकते. ‘दिल्ली–लंडन अंतर किती?’ या प्रश्नाला ‘कोणाचे विमान?’ असा प्रतिप्रश्न करावा लागतो.

इराण व इराक हेही टाळावयाचे झाल्यास सौदी अरेबिया आणि इजिप्त यांवरून जाणारा दक्षिणेकडील मार्ग उरतो. कैरोवरून जाणारे ७,८७० कि.मी. अंतर हे त्या मार्गाचे निदर्शक आहे. १९४८ मध्ये थांबे घेण्यासाठी जो फेरा पत्करावा लागला होता, जवळपास तोच फेरा कोठेही न थांबता उडू शकणाऱ्या विमानासमोर पुन्हा उभा राहतो.

९. वाढलेल्या अंतराची किंमत

कैरोमार्गे होणारी ६६० कि.मी.ची वाढ म्हणजे ताशी ९०० कि.मी. वेगाने सुमारे ४५ मिनिटे होत. लांब पल्ल्याचे दोन इंजिनांचे मोठे विमान ताशी साधारण ५ ते ८ टन इंधन जाळते. या हिशेबाने एका फेरीस सुमारे ४ ते ६ टन अधिक इंधन लागते. एक किलोग्रॅम विमान-इंधनाच्या ज्वलनातून सुमारे ३.१६ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. म्हणजे केवळ या वळशापोटी १२ ते १९ टन वायू वातावरणात जातो. दिल्लीच्या वळशासाठी हे आकडे जवळजवळ दुप्पट होतात. शिवाय हे जादा इंधन विमानात भरून न्यावे लागते आणि त्याचे वजन वाहण्यासाठीही इंधन खर्च होते. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांवर मर्यादा असल्याने काही मार्गांवर अधिक वैमानिक द्यावे लागतात.

२०१९ मधील बंदीच्या काळात २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याची माहिती केंद्र शासनाने राज्यसभेत दिली होती. असा खर्च अखेरीस तिकिटाच्या दरात अथवा करदात्याच्या पैशात उतरतो. शिक्षणासाठी कर्ज काढून परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाला सीमेवरील तणावाची किंमत अशीही मोजावी लागते, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

१०. अध्यापनातील उपयोग

हा विषय वर्गात मांडण्यासाठी फार साधनांची आवश्यकता नाही. पृथ्वीगोलावर मुंबई व लंडन या दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरावा. दोरा आपोआप बृहद्वृत्तावर येतो आणि तो कोणत्या देशांवरून जातो हे विद्यार्थी स्वतः नोंदवू शकतात. त्यानंतर तीच स्थाने सपाट नकाशावर पट्टीने जोडून दोन्ही मार्गांची तुलना करता येते. गणिताच्या अध्यापकास कोसाइन नियम व हरात्मक मध्य, भूगोलाच्या अध्यापकास प्रक्षेपण, जेट प्रवाह व प्रमाणवेळ, राज्यशास्त्राच्या अध्यापकास सार्वभौमत्व, तर अर्थशास्त्राच्या अध्यापकास वाहतूक-खर्च शिकविताना हेच एक उदाहरण वापरता येईल. दोऱ्याखालील एकेका देशावर बोट ठेवून ‘हा देश बंद आहे, आता मार्ग काढा’ असे सांगितल्यास विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय संबंधांचा अर्थ व्याख्येपेक्षा लवकर उमगतो.

११. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) दोन विमानतळांमधील बृहद्वृत्तीय अंतर हा भूमितीने ठरणारा स्थिर आकडा आहे. मुंबई–हीथ्रोसाठी तो सुमारे ७,२१० कि.मी. आहे.

२) सपाट नकाशावरील सरळ रेषा या अंतराविषयी आणि त्याहूनही अधिक दिशेविषयी चुकीची कल्पना करून देते.

३) उड्डाणकाळ हा स्थिर आकडा नसून वारा, ऋतू, प्रवासाची दिशा आणि विमानतळांवरील गर्दी यांनुसार बदलणारी राशी आहे. जाण्या-येण्याच्या काळातील फरकाचे मुख्य कारण वारे होत. पृथ्वीचे परिवलन हे त्याचे थेट कारण नव्हे.

४) तिकिटावरील वेळांतून खरा काळ काढण्यासाठी प्रमाणवेळेतील फरक विचारात घ्यावाच लागतो.

५) प्रत्यक्ष कापले जाणारे अंतर हे राष्ट्रांमधील संबंधांवर अवलंबून असते. हवाई हद्द बंद झाल्यास भूमितीने जवळचे असलेले शहर व्यवहारात दूरचे ठरू शकते.

तंत्रज्ञानाने जग जवळ आणले, असे विधान आपण वारंवार करतो. ते निराधार नाही. परंतु अपूर्ण आहे. तंत्रज्ञानाने विमानाला ७,२१० कि.मी. न थांबता उडण्याची क्षमता दिली. त्या क्षमतेचा पूर्ण उपयोग होण्यासाठी मार्गातील प्रत्येक देशाचे आकाश खुले असावे लागते, आणि ते खुले ठेवण्याचे काम अभियंत्यांच्या हाती नसून परस्परसंबंध राखणाऱ्या शासनांच्या हाती आहे. अंतराचा धडा शिकविताना ही दुसरी बाजूही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे उचित ठरेल.